खालच्या बाईला एकच चिठ्ठी

अक्का डोळे मिटून बसल्या की आम्ही समजायचो, त्या खाली गेल्या.

खाली म्हणजे तळमजल्यावर नव्हे. तिथं चादरी-टॉवेलचं दुकान होतं आणि अक्कांचं तिथं काही काम नसायचं. साखर पेठेतल्या त्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर आमचं तीन खोल्यांचं ऑफिस, आणि धंदा दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर बनवण्याचा. पेशंटांची नावं, तारखा, वजनं, रक्तगट हे सगळं जिथं साठवलेलं असतं त्या डेटाबेसला अक्का 'खाली' म्हणायच्या. आम्ही प्रोग्रॅमर मंडळी जे पडदे आणि बटणं बनवायचो ते 'वर'. वर आणि खाली यांच्यात काय चालतं हे त्यांना आमच्यापेक्षा जास्त कळायचं, कारण आयुष्यातली तीसेक वर्षं त्या खरोखरच खाली बसल्या होत्या.

महानंदा बिराजदार त्यांचं नाव. शहरातल्या एका जुन्या प्रसूतिगृहाच्या तळघरात रेकॉर्ड रूम होती, तिथं त्या नोकरीला होत्या. सकाळी दहाला कुलूप उघडायचं, संध्याकाळी सहाला लावायचं. वरून चिठ्ठी यायची, अमक्या बाईचा केसपेपर द्या. अक्का रॅक शोधायच्या, लाल फडक्यातला गठ्ठा सोडायच्या, कागद काढायच्या आणि सतरा पायऱ्या चढून खिडकीत नेऊन द्यायच्या. पुढं दवाखान्यानं सगळं कॉम्प्युटरवर घ्यायचं ठरवलं, ते काम आमच्याकडं आलं, आणि टाइप झालेले केसपेपर मूळ कागदाशी ताडून बघायला दवाखान्यानं अक्कांना आमच्याकडं धाडलं. आमचे मालक श्रीनिवासदादा यांनी महिनाभर त्यांचं काम बघितलं आणि त्यांना परत जाऊच दिलं नाही. पन्नाशी उलटलेली बाई डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा शिकली. ती भाषा इंग्रजी शब्दांची, अक्का विचार करायच्या कानडीत आणि बोलायच्या मराठीत. तिन्हींचं आपसात कधी भांडण झालेलं मी पाहिलं नाही.

मी पुण्याच्या कंपनीत दहा-बारा वर्षं काढून, सासऱ्यांच्या आजारपणापायी सोलापुरात परत आले होते. अंगात पुण्याचा वारा होता. आमच्या पद्धतीच्या प्रोग्रॅमिंगमध्ये प्रत्येक गोष्ट अखंड असते, तिला ऑब्जेक्ट म्हणतात. पडद्यावर आई म्हटली की तिचं नाव, गाव, तपासण्या, तिची बाळं, सगळं तिच्याजवळच असतं. तिला नुसतं विचारायचं, तुझी बाळं कुठं आहेत, की ती काढून दाखवते. खाली मात्र असं काही नसतं. खाली नावांचा तक्ता वेगळा, तपासण्यांचा वेगळा, बाळांचा वेगळा. वरची आई उभी करायची तर खालून तुकडे आणून जोडावे लागतात. ते आणण्याचं काम प्रोग्रॅम गुपचूप करतो, आपल्याला दिसतही नाही. मला त्या न दिसण्याचंच मोठं कौतुक होतं, आणि पहिल्या आठवड्यात मी ते अक्कांना मोठ्या तोऱ्यात समजावून सांगितलं.

अक्कांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "म्हणजे तू वर बसून हाक मारतीस, आणि खाली एक बाई उठती."

"बाई कुठली, अक्का?"

"असती की एक. अंधारात बसलेली असती. तिला तुझी आई, तुझं बाळ, काही कळत न्हाई. तिला चिठ्ठी लागती. चिठ्ठीत जेवढं लिहिशील तेवढं ती आणून देती." आणि डबा उघडून त्यांनी कडक भाकरीचे तुकडे केले, शेंगाचटणी, दही, कांदा असं सगळं एकदम समोर मांडलं, जेणेकरून जेवण संपेपर्यंत कुणालाच उठावं लागू नये.

हा त्यांचा स्वभावच होता. किराणा दुकानात गेल्या तर दुकानदाराच्या फळ्या ज्या क्रमानं लावलेल्या असतील त्याच क्रमानं यादी सांगायच्या. एका माणसाला दिवसातून दोनदा फोन करायच्या नाहीत. जे जे विचारायचं ते आधी कागदाच्या चिटोऱ्यावर लिहून ठेवायच्या. डॉक्टरकडं गेल्या तरी चिटोरं. कुणाला दुसऱ्यांदा उठवणं त्यांच्या जिवावर यायचं, आणि त्याचं कारण त्यांचे दोन गुडघे होते. बसल्या जागी त्या गुडघ्यांना निरगुडीचं तेल चोळायच्या. ऑफिसात आलं की एसीच्या थंड हवेत तो कडवट वास यायचा आणि डोळ्यांवर झापड यायची. दुपारी दोनच्या उन्हात रस्ता ओस पडलेला, खाली दुकानदार चादरींच्या थप्पीला टेकून पेंगतोय, आणि अक्का डोळे मिटून खाली गेलेल्या. त्या ऑफिसची आठवण म्हटली की मला हेच दिसतं.

त्यांच्या टेबलावर स्टीलची एक वाटी असायची आणि तिच्याशेजारी चिंचोक्यांचा डबा. मला वाटलं, नातवंडांना खेळायला नेत असतील. पण अक्कांचं लग्न झालेलं नव्हतं. चिंचोके कशासाठी ते मला उन्हाळ्यात कळलं.

एका दवाखान्यातून तक्रार आली की वॉर्डची यादी उघडायला फार वेळ लागतो. मी म्हटलं, त्यांचं नेट हळू असेल. अक्का खुर्ची ओढून माझ्याशेजारी बसल्या आणि म्हणाल्या, "ती काळी खिडकी उघड, ज्यात सगळ्या चिठ्ठ्या दिसतात." माझा प्रोग्रॅम डेटाबेसला जे जे विचारतो ते त्या खिडकीत ओळीनं उमटायचं. मी यादीचं बटण दाबलं. पहिली ओळ आली. अक्कांनी वाटीत एक चिंचोका टाकला. टण. दुसरी ओळ. टण. तिसरी. मग ओळी सरसर येऊ लागल्या आणि अक्कांचा हातही तसाच चालू लागला. सगळं थांबलं तेव्हा ऑफिसातली पोरं माना वळवून बघत होती.

अक्कांनी वाटी टेबलावर पालथी केली आणि मोजलं. "वॉर्डात बायका किती?"

"तीस."

"आणि चिंचोके एकतीस. पहिल्या चिठ्ठीत तिला सांगितलंस, तीस बायकांची नावं आण. ती आणून दिली, दम खाऊन बसली. तर तू म्हणतीस, पहिलीचं बाळ आण. गेली बिचारी. आली. दुसरीचं आण. परत गेली." त्यांनी माझ्याकडं पाहिलं. रागानं नव्हे, पण मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "एनवा," त्या कानडीत सुरू झाल्या, "काय गं रेवती, किती वेळा खाली पाठवलंस तिला?"

रेकॉर्ड रूममध्ये त्या दर फेरीला एक चिंचोका वाटीत टाकायच्या. डॉक्टरांना संध्याकाळी वाटी दाखवायच्या, म्हणून पुढं डॉक्टर एका चिठ्ठीत दहा नावं लिहायला लागले. मी प्रोग्रॅम बदलला. सगळ्या आया आणि त्यांची बाळं बरोबरच दे, असं एका चिठ्ठीत लिहिलं. यादी झटकन उघडली. अक्कांनी एकच चिंचोका टाकला आणि तो वाजलेला ऐकून गालातल्या गालात हसल्या.

पण हा मऊपणा एका जागी संपायचा. कागदावर आहे तेवढंच सांगायचं, यात त्या कुणाच्या बापाला ऐकायच्या नाहीत. प्रसूतिगृहाच्या खिडकीवर जन्मवेळ विचारायला लोक फार यायचे. मुलाचं लग्न निघालं की पत्रिकेसाठी वेळ हवी. एकदा एक आई रडकुंडीला आली होती. मुलीचं जमत आलेलं, पत्रिका अडलेली, आणि केसपेपरवर वेळेचा रकाना कोरा. ती म्हणाली, बाई, सकाळ होती एवढं आठवतंय, साडेनऊ लिहून द्या, तुमचं काय जातंय? अक्का म्हणाल्या, रकाना रिकामा आहे. ती म्हणाली, मग नव्हतीच का वेळ? अक्का म्हणाल्या, "रिकामा म्हणजे नाही नव्हे. रिकामा म्हणजे कुणी लिहिलं नाही." त्या बाईनं त्यांना खिडकीतून शिव्याशाप दिले. अक्कांनी ही गोष्ट आम्हाला बऱ्याच वेळा सांगितली, आणि दर वेळी शेवटी गप्प व्हायच्या. मला तेव्हा त्या निष्ठुर वाटायच्या, खोटं कशाला बोलू.

सोजरबाई मला पहिल्यांदा दिसल्या त्या भोगीच्या दिवशी. गड्ड्याच्या जत्रेची गर्दी होती, सिद्धेश्वराच्या अक्षतांना निघालेली माणसं पांढऱ्या कपड्यांत रस्ताभर दिसत होती. दुपारी दोन मजले चढून एक पन्नाशीची बाई आली. हातात हुरड्याची पिशवी, पाय धुळीनं माखलेले. अक्का लगबगीनं उठल्या. त्या लगबगीनं उठतात हेच मी प्रथम पाहिलं.

सोजरबाई करकंबच्या. दरवर्षी बायकांबरोबर जत्रेला यायच्या आणि भोगीला गर्दीतून निसटून अक्कांच्या खिडकीवर यायच्या. खिडकी बंद झाल्यावर अक्कांनी त्यांना ऑफिसचा पत्ता दिला होता. त्यांचं पहिलं बाळंतपण त्या प्रसूतिगृहात झालं होतं, अशाच एका भोगीच्या पहाटे. बाळंत होता होता त्यांची शुद्ध हरपली, जिवावर बेतलं, म्हणून त्यांना तिथून मोठ्या दवाखान्यात हलवलं. तीन दिवसांनी डोळे उघडले तेव्हा सासू म्हणाली, बाळ मेलेलंच जन्मलं. पण शुद्ध जाता जाता सोजरबाईंना रडणं ऐकू आलं होतं. त्यांनी तसं सांगितलं. घरच्यांनी ठरवलं, भास झाला. पुढं दोन मुलं झाली, नातवंडं आली, सासू गेली. सोजरबाईंचा प्रश्न गेला नाही.

"गेलं त्ये गेलं," त्या मला म्हणाल्या. "परत मागत न्हाय म्या. पर रडलं हुतं का, एवढंच बगा की. समदी म्हंत्यात, हिला याड लागलंय."

तळघरात अक्कांनी त्यांचा केसपेपर केव्हाच शोधला होता. त्यावर बाळंतपणाची नोंद पूर्ण व्हायच्या आधीच 'पुढे पाठवले' असा शेरा मारून कागद बंद केलेला होता. बाळाबद्दल एक अक्षर नव्हतं. तरीही दरवर्षी अक्का त्यांना खिडकीशी बसवायच्या, खाली जायच्या, त्या आठवड्याचे सगळे गठ्ठे सोडायच्या, तास-दीड तासानं वर यायच्या आणि म्हणायच्या, न्हाई.

त्या वर्षी माझा नवा पडदा तयार झाला होता. मलाच उत्साह. म्हटलं, अक्का, थांबा, आता शोधायला किती वेळ लागतो बघा. नाव टाकलं, गाव टाकलं. सोजरबाई पडद्यावर आल्या, वय एकवीस. मी 'बाळं' या बटणावर बोट ठेवलं आणि लगेच सुंदर अक्षरात उमटलं, नोंद नाही.

"न्हाय?" सोजरबाईंनी विचारलं.

"नाही हो," मी म्हटलं.

त्या पडद्याकडं बघत राहिल्या. मग पिशवीतला हुरडा अक्कांच्या टेबलावर ठेवत हलकेच म्हणाल्या, "पयलं बरं हुतं. बाई खाली जायच्या, तवर आस असायची."

त्या गेल्या. मी एका सेकंदात एका बाईचं वर्षभराचं काहीतरी संपवलं होतं, हे मला तेव्हा नीट कळलंसुद्धा नाही. अक्कांना कळलं. त्या दिवशी त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. हुरडा सगळ्यांना वाटला, मला देताना नुसती मूठ पुढं केली.

त्यानंतर अक्का जास्तच खाली राहू लागल्या. दुपारी डोळे मिटायच्या आणि हाक मारली तरी उघडायच्या नाहीत. मे महिना आला. आमचा एसी कुरकुरायचा, वीज जायची, पंखे थांबायचे, आणि बॅटरीवरचे मॉनिटर तेवढे मंद उजेडात चालू राहायचे. अशाच एका दुपारी अक्कांनी मला त्यांचं स्वप्न सांगितलं. त्या रेकॉर्ड रूममधून चालल्या आहेत. रॅक संपतच नाहीत, लाल गठ्ठे वरपर्यंत गेलेत, आणि कुठंतरी बाळ रडतंय. त्या आवाजाच्या मागं जातात. शेवटच्या रॅकपाशी येतात तर पुढं भिंत.

"भितीच्या पलीकडनं येतंय गं ते," अक्का म्हणाल्या. "रोज. मी हात लावून बघते, भित थंडगार असती."

मी म्हटलं, पलीकडं काय होतं तुमच्या?

"माती. आणि वर बाळांची खोली." निरगुडीच्या तेलाचा हात तसाच गुडघ्यावर राहिला. "बाळांच्या खोलीचं रजिस्टर माझ्याकडं कधी आलंच न्हाई, रेवती. ते सिस्टरच्या कपाटात असायचं, कुलपात. तिकडं कुणी मला जाऊच द्यायचं न्हाई."

"ते आलंय की आता," मी म्हटलं. "सगळ्यात शेवटी टाइप करून घेतलं, भोगीच्या आधीच. मीच चढवलं डेटाबेसमध्ये."

"मग सोजरचं का दिसलं न्हाई?"

"नसेल म्हणून."

अक्कांनी खुर्ची माझ्याकडं वळवली. "तुझ्या वरच्या आईला बाळ सापडतं कसं, ते सांग मला."

मी सांगितलं. बाळाच्या ओळीत आईचा नंबर असतो. आईनं बाळं मागितली की तिचा नंबर असलेल्या ओळी खालून येतात. प्रत्येक बाळ आईकडूनच भेटतं, दुसरी वाटच नाही. मी तसा नियमच करून ठेवला होता, आणि त्याचा मला अभिमान होता: आईशिवाय बाळ असूच शकत नाही.

"आणि ज्याच्या ओळीत आईचा नंबर लिहिलेला न्हाई?"

मला आठवलं. ते रजिस्टर चढवताना काही ओळींना आई सापडली नव्हती. काळ्या खिडकीत तशा सूचना आल्या होत्या. मी म्हटलं होतं, टाइप करणाऱ्या मुलींची चूक असेल. त्या ओळी खाली तशाच पडून राहिल्या आणि माझ्या वरच्या जगात त्यांना जन्मच मिळाला नाही. आईकडून निघून बाळाकडं चालणाऱ्याला, ज्याची आई नोंदवलीच नाही ते बाळ कधीच भेटणार नव्हतं.

अक्का रागावल्या नाहीत. "आई नसलेली म्हणजे कोण, सांगू? आई शिरियस झाली की तिला मोठ्या दवाखान्यात हलवायचे. तिचा कागद तिथंच बंद व्हायचा. बाळ मागं राहायचं, आपल्या खोलीत. त्याला आईचा नंबर कोण देणार?" त्यांनी डोळे मिटले. "वरनं जाऊ नको. वरचं सगळं बंद कर. सरळ खालच्या बाईला चिठ्ठी लिही."

त्या सांगत गेल्या, मी लिहीत गेले. बाळांच्या तक्त्यातून दे. आईचा रकाना रिकामा असलेली दे. सगळी दे, एकदाच, जन्माच्या क्रमानं. वीज गेलेलीच होती. रस्त्यावरून कुणीतरी आईसकांडीची घंटा वाजवत गेला. मी बटण दाबलं.

दीड-दोन डझन ओळी आल्या. इतकी वर्षं कुणी न बघितलेली बाळं एकाखाली एक उभी राहिली, तारखा, वेळा, वजनं घेऊन. अक्कांनी चष्मा लावला आणि बोट ओळीओळीनं खाली उतरवत नेलं. त्या वर्षीच्या भोगीच्या तारखेवर बोट थांबलं. त्या तारखेला अशी एकच ओळ होती. मुलगी. पहाटे चार वाजून दहा मिनिटं. दोन किलो शंभर ग्रॅम. त्याच्या पुढचा रकाना होता, जन्मताच रडलं का. त्यात होतं, होय.

मला हुंदका आला आणि मी तो आवरला नाही. अक्का मात्र पडद्याकडं बघत म्हणाल्या, "अजून सांगायचं न्हाई. मूळ कागद बघू दे."

दुसऱ्या दिवशी त्या प्रसूतिगृहात गेल्या, कुठूनतरी परवानगी काढली आणि ते रजिस्टर उघडून घेतलं. मला बरोबर नेलं. पानं पिवळी पडली होती. त्या ओळीच्या शेवटी समासात पेन्सिलीनं काहीतरी लिहिलेलं होतं. आमच्या तक्त्यात समासाला रकानाच नव्हता, म्हणून ते कुणी टाइप केलं नव्हतं. 'आई पुढे पाठवली. करकंब.' त्याखाली, दुसऱ्या हाताच्या अक्षरात, दुसऱ्या दिवशीची दुपारची वेळ आणि 'गेलं'. त्याखाली 'नातेवाइकांकडे दिले'. अक्कांनी त्या पेन्सिलीच्या अक्षरांवरून पदराचं टोक फिरवलं, धूळ पुसावी तसं.

"सासूनं असं का सांगितलं असेल हो?" मी विचारलं.

"ते लिहिलेलं न्हाई," अक्का म्हणाल्या.

मी म्हटलं, जानेवारीत येतीलच त्या. अक्का म्हणाल्या, "आता तिला पायऱ्या चढायला लावायच्या व्हय?" आणि दोन दिवसांनी आम्ही दोघी पंढरपूरमार्गे करकंबला गेलो. एसटीत अक्का खिडकीला डोकं टेकून पेंगत होत्या. बाहेर उसाची शेतं आणि मृगजळ. हातात चिटोरं होतं, त्यावर त्या ओळीतला एकेक रकाना त्यांनी लिहून आणला होता, म्हणजे काही राहायला नको.

विचारत विचारत घर सापडलं. सोजरबाई अंगणात बाजेवर सांडगे घालत होत्या. हात पिठानं माखलेले, शेजारी सून बसलेली. अक्कांना दारात बघून त्या तशाच उभ्या राहिल्या.

"बाई? तुमी हितं?"

अक्का बसल्या नाहीत, पाणी घेतलं नाही. चिटोरं हातात होतं, पण त्याकडं त्यांनी बघितलं नाही. "मुलगी होती, सोजर. पहाटे चार वाजून दहा मिनिटांनी झाली. दोन किलो शंभर ग्रॅम. जन्मली आणि रडली. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत होती."

सोजरबाईंनी पिठाचे हात एकमेकांत धरले. मग बाजेच्या कडेला टेकल्या. "म्या म्हनलं हुतं," त्या म्हणाल्या. आवाज मोठा नव्हता. "म्या म्हनत हुते की."

सुनेला काही उमगत नव्हतं, ती नुसती आमच्या तोंडाकडं बघत होती. सोजरबाईंनी मान वर केली. चेहरा एकाएकी कोवळा झाला होता, मी पडद्यावर पाहिलेल्या त्या एकवीस वर्षांच्या मुलीचा असावा तसा.

"लई रडली का वं, बाई?"

अक्कांनी डोळे मिटले. त्या खाली गेल्या, हे मला कळलं. आणि खाली काय आहे हेही मला ठाऊक होतं. 'होय' एवढंच. त्याच्या पुढं रकाना नव्हता, समासातही काही नव्हतं. मला वाटलं, आता त्या म्हणणार, ते लिहिलेलं न्हाई.

बराच वेळ लागला त्यांना वर यायला.

"लई," अक्का म्हणाल्या. "तळघरापर्यंत आलं. मी ऐकलं की."

रेकॉर्ड रूमचं कुलूप सकाळी दहाला उघडायचं. पहाटे चारला अक्का आपल्या घरी झोपलेल्या असणार. मी त्यांच्याकडं पाहिलं, त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही.

पुढं दिवाळीच्या सुमाराला गुडघ्यांमुळं त्यांनी काम सोडलं आणि अक्कलकोटकडं भावाच्या गावी राहायला गेल्या. जाताना वाटी आणि चिंचोके मला देऊन गेल्या. पण मला त्या आठवतात, त्या करकंबच्या अंगणातल्याच.

सोजरबाई सुनेकडं वळल्या होत्या. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या आणि त्या हसत होत्या. "ऐकलंस का गं? बाईंनी ऐकलंय. म्या एकलीच न्हवते."

अक्कांनी पदर खोचला, बाजेवर त्यांच्या शेजारी बसल्या आणि परातीतलं पीठ बोटांनी उचलून सांडगे घालायला लागल्या.